पूर्णविरामानंतरची दुसरी जागा

मी एक जुनी, मोकळी जागा आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी ना कधी ओलांडून गेला असाल, पण माझ्याकडे वळून कोणी पाहत नाही. एक वाक्य संपतं, पूर्णविराम येतो, थोडी जागा सुटते आणि पुढचं वाक्य सुरू होतं. ती सुटलेली जागा म्हणजे माझी थोरली बहीण. काही लोक तिच्या पाठोपाठ आणखी एक जागा सोडतात. ती मी. धाकटी, आणि पुष्कळांच्या मते फुकटची.

माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा आहे. पंगतीत न बोलावता आलेला पाहुणा जसा अंग चोरून बसतो, तशी मी ओळीत बसते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं म्हणतात, तो माझ्यापाठी सदाचाच असतो. कोणाचं बोट खोडायच्या कळीकडे वळलं की माझी पाचावर धारण बसते. अक्षर खोडलं तर निदान कोणीतरी विचारतं, इथलं अक्षर कुठं गेलं? मी गेले तर कोणाला पत्ताही लागणार नाही. तुम्हीच सांगा, मग भ्यायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म मथुराबाईंच्या अंगठ्याखाली झाला. मथुराबाई धाराशिवला एका कचेरीत टंकलेखक होत्या. तरुणपणी त्या ज्या टायपिंग क्लासला जात, तिथले सर हातात पट्टी घेऊन यंत्रांच्या रांगांमधून फिरायचे. वाक्य संपलं की स्पेसबार दोनदा, ही त्यांची शिस्त होती. तेव्हाच्या यंत्रावर सगळी अक्षरं सारखीच जागा घेत. वाक्य कुठं संपलं ते डोळ्यांना चटकन दिसावं म्हणून दोन जागा सोडायची चाल पडली होती. पुढं कचेरीत कॉम्प्युटर आले. मथुराबाई नवं सगळं शिकल्या, पण अंगठा काही सुधारला नाही. तो दोनदाच पडायचा. निवृत्त होऊन त्या परंड्याच्या अलीकडे आपल्या गावी आल्या आणि तो अंगठाही त्यांच्याबरोबर आला.

त्या गावात खव्याचं शीतगृह आहे. आसपासच्या भट्ट्यांवरचा खवा तिथं गारठ्यात ठेवतात. गारठा करायला अमोनिया नावाचा वायू लागतो. नळ्यांमध्ये असेपर्यंत तो गुणी आहे. बाहेर आला की डोळे जाळतो, घसा जाळतो आणि जास्त वेळ अंगावर घेतला तर जीवही घेतो. ही यंत्रं आधी बलभीम नावाचे मिस्त्री सांभाळायचे. कोणता व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांना उमरग्याला हायवेवरच्या कारखान्यात जास्त पगाराची नोकरी लागली आणि ते डोकं घेऊन निघून गेले.

त्यांच्या जागी धोंडप्पा आले. धोंडप्पांची उमर मेंढरं राखण्यात गेली होती. यंत्राची त्यांना ओळख नव्हती, पण माणूस सावध आणि कामाला चिकट. त्यांना सगळं लिहून द्यावं असं ठरलं. धाराशिवहून एसटीनं येणाऱ्या इंजिनिअर शिवप्रिया यांना यंत्रांची माहिती होती. मथुराबाईंचा मराठी टायपिंगचा हात बसलेला होता. मग दोघींनी मिळून इंटरनेटवर एक सामाईक कार्यपुस्तिका उघडली. एक जण धाराशिवात बसून लिहायची, दुसरी गावात बसून लिहायची, आणि दोघींच्या रंगीत रेघा एकाच पानावर लुकलुकायच्या.

मित्रांनो, तिथं पहिल्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. मथुराबाई वाक्यानंतर दोन जागा सोडायच्या, शिवप्रिया एकच. एकाच पानावर दोन रीती नांदू लागल्या. एकदा समासात शिवप्रियांची टीप आली, "मावशी, वाक्यानंतर एकच स्पेस द्या ना. आता सगळीकडं एकच असते. दोन दिल्या की पान फाटल्यासारखं दिसतं."

मथुराबाईंनी खाली लिहिलं, "आमच्या सरांनी दोन शिकवल्या. एक दिली की मला वाक्य गुदमरल्यासारखं वाटतं."

त्यावर हसरा चेहरा आला आणि वाद तेवढ्यावर मिटला. कोणी रीत ठरवली नाही, कोणी ती पहिल्या पानावर लिहिली नाही. मी वाचले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. पण न मिटलेला वाद राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. मी कान टवकारूनच राहिले.

आता मी नेमकी कुठं राहत होते ते सांगते. यंत्रात साचलेलं तेल अधूनमधून काढावं लागतं. ते काम सगळ्यांत धोक्याचं. त्या पानाच्या तळाशी संकटात काय करायचं ते लिहिलेलं होतं. 'दाराकडे या. मास्क बाहेर आल्यावरच काढा.' या दोन वाक्यांच्या मध्ये, थोरल्या बहिणीला चिकटून, मी राहत होते. पान छापलं की मी कागदावरही असायचे. संकटाचाच शेजार मिळाला होता, तेव्हा झोप कसली लागते!

यंत्रघरात मास्क घालून, हातमोजे चढवून कागद वाचता येत नाही. म्हणून तिथं एक पद्धत पडली. खवा बांधणाऱ्या दैवशालानं दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचायचं. आत धोंडप्पांनी तेवढं काम करायचं आणि पान्यानं नळीवर ठण असा एक ठोका द्यायचा. ठोका आला की दैवशालानं पुढचं वाचायचं. ठोका आल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा दोघांचा पक्का करार होता.

पण किती वाचून थांबायचं? ते कुठं लिहिलेलं नव्हतं. दैवशाला हुशार होती, तिनं पानाकडे पाहून आपल्या मनानंच ताडलं. जिथं जागा मोठी सुटली आहे तिथं काम संपतं, तिथं थांबायचं. जिथं जागा लहान आहे तिथली वाक्यं एकाच कामातली, ती सलग वाचायची. मित्रांनो, गंमत अशी की बहुतेक वेळा तिचं खरं ठरायचं. कामाच्या पायऱ्या मथुराबाईंनी लिहिल्या होत्या, त्यांत मोठ्या जागा होत्या. मधली स्पष्टीकरणं शिवप्रियांची होती, त्यांत लहान.

एकदा काम आटोपून धोंडप्पा बाहेर आले. मास्क काढून घाम पुसत म्हणाले, "पोरी, तू वाचतीस ते लई बरं पडतंय बघ. घास घास भरवल्यावानी देतीस."

दैवशाला लाजून म्हणाली, "म्या न्हाय मामा, कागदच तसा लिव्हलाय."

कागद तसा लिहिला आहे! ते ऐकून माझ्या रिकाम्या छातीत काहीतरी भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण फुकटच्या नाही. पण भित्र्याला कौतुकही पचत नाही. लगेच मनात आलं, या मुलीला कोणी हे सांगितलेलं नाही, आणि हिनंही हे कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या असण्यावर आत एक माणूस उभा आहे, आणि ज्यांनी आम्हाला लिहिलं त्यांना ते ठाऊकच नाही.

पुढं शीतगृहाची तपासणी ठरली. कार्यपुस्तिका नीटनेटकी, एका वळणाची हवी, असा निरोप आला. बिचाऱ्या शिवप्रियांवर सगळा भार. त्या गावातल्या ऑफिसात येऊन बसल्या, लॅपटॉप उघडला आणि 'शोधा आणि बदला' ही खिडकी उघडली. वरच्या चौकटीत दोन जागा टाकल्या, खालच्या चौकटीत एक.

सगळं एका फटक्यात बदलता आलं असतं, पण तसं केलं तर तक्त्यांची आखणी विस्कटेल म्हणून त्या एकेक जागा तपासून बदलू लागल्या. माझ्या बहिणी एकामागून एक रंगायच्या, क्षणभर उजळायच्या आणि नाहीशा व्हायच्या. आवाज नाही, ओरडा नाही. वाक्यं फक्त थोडी जवळ सरकायची. यंत्र सुरू करण्याचं पान झालं. यंत्र बंद करण्याचं पान झालं. मग तेल काढण्याचं पान आलं. मी जीव मुठीत धरून तळाशी बसले होते. 'वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा.' याच्या नंतरची गेली. 'काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.' याच्या नंतरची गेली. माझ्या वरच्या ओळीतली गेली. आता माझ्यावर रंग चढला.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक दिली, "मॅडम, धाराशिव गाडी लागली बघा!"

शिवप्रियांनी लॅपटॉप मिटला आणि धावत सुटल्या. जाता जाता दैवशालाला म्हणाल्या, "नवी प्रत काढून लाव गं. उरलेलं मी उद्या करते."

मी वाचले. आनंद मात्र वाटला नाही. एवढ्या मोठ्या पानात मी एकटी उरले होते, आणि दुसऱ्या दिवशी तेल काढायचा वार होता.

सकाळी दैवशालानं नवी प्रत काढली आणि यंत्रघराच्या दाराशी उभी राहिली. आत धोंडप्पांनी मास्क चढवला. कॉम्प्रेसरचा घरघराट सुरूच होता. दैवशालानं पान पाहिलं. कामाच्या पायऱ्यांत मोठी जागा कुठंच नव्हती. मला ती क्षणभर अडखळलेली दिसली. तिला वाटलं, मॅडमनी काम सोपं केलंय, आता हे सगळं एका दमात वाचायचं असेल.

मित्रांनो, मी कागदाच्या तळाशी होते. मला ओरडायचं होतं. मोकळी जागा कशी ओरडणार?

तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा मग खालचा व्हॉल्व्ह हळू उघडा."

घरघराटात आत पोहोचला तो शेवटचा तुकडा. धोंडप्पांना वाटलं, वरचं काम दुसऱ्या बाजूनं कोणी आधीच उरकलंय, आज सुरुवात इथून आहे. वाचणारीवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी खालचा व्हॉल्व्ह उघडला.

सूं करून आवाज आला. पांढरं धुकं उसळलं. धोंडप्पांनी घाबरत घाबरत का होईना, व्हॉल्व्ह परत फिरवला, पण तोवर खोली भरली होती. दाराच्या फटीतून उग्र वास बाहेर आला आणि दैवशालानं कागद डोळ्यांजवळ ओढला. माझ्या ओळीसकट.

तिनं तळाची ओळ शोधली. ओरडली, "दाराकडे या!"

आणि ती थांबली.

कारण पुढं मी होते. साऱ्या पानात उरलेली एकच मोठी जागा. तिच्या डोक्यात करार पक्का होता: मोठी जागा आली की थांबायचं, ठोका आल्याशिवाय पुढं जायचं नाही. ती आतून येणाऱ्या ठण आवाजाची वाट पाहू लागली. आतला माणूस आंधळ्यासारखा भिंत चाचपडत होता, त्याच्या हातातला पाना केव्हाच गळून पडला होता. ठोका कुठून येणार? माझ्या पलीकडच्या काठावर ते वाक्य उभं होतं, मास्क बाहेर आल्यावरच काढा. ते त्यांना ऐकू जायला हवं होतं. मध्ये मी पसरले होते. काळजाचं पाणी होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मास्कची काच धुरकटली म्हणून धोंडप्पांनी तो वर सरकवला. एक श्वास आत गेला.

त्यांचा खोकला ऐकून दैवशाला भानावर आली. तिनं कागद फेकून दिला आणि स्वतःच्या शब्दांत बोंब मारली, "मामा, मास्क काढू नगा! खाली दाबा त्यो! माझ्या आवाजाकडं या, हिकडं, हिकडं!"

मी जमिनीवर पडून पाहत होते. ती सारखी हाका मारत राहिली आणि धुक्यातून धोंडप्पा गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. खवा बांधणाऱ्या बायकांनी त्यांच्या डोळ्यांवर पाण्याच्या घागरी ओतल्या. कोणीतरी बाहेरची लाल कळ दाबून यंत्रं बंद केली. जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं. दैवशाला यंत्रघराच्या दाराशीच बसून होती. रडतही नव्हती.

धोंडप्पा वाचले. आवाज मात्र घोगरा झाला. बरे होऊन ते ऑफिसात आले तेव्हा मथुराबाई, शिवप्रिया आणि दैवशाला लॅपटॉपभोवती बसल्या होत्या, आणि पडद्यावर आमचंच पान होतं. आपण वाचताना कुठं आणि का थांबायचो ते दैवशालानं नुकतंच सांगितलं होतं.

शिवप्रियांचा चेहरा उतरला होता. "मी कशाला हात लावला गं त्याला," त्या म्हणाल्या. "जुनी आवृत्ती अजून जपलेली आहे. मी सगळ्या मोठ्या जागा परत आणते. आत्ताच आणते."

माझ्या बहिणी परत येणार! मला हर्ष व्हायला हवा होता. पण माझा जीव अधिकच घाबरा झाला.

मथुराबाईंनी शिवप्रियांचा हात धरला आणि दैवशालाला विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं गं, मोठी जागा म्हणजे थांब?"

"कुणीच न्हाय, मावशी. मला तसं दिसलं."

"आणि मी ती काय म्हणून सोडत होते? काही म्हणून न्हाय. सवय म्हणून!" मथुराबाईंनी आपला अंगठा पुढं धरला. "माझ्या अंगठ्याच्या सवयीवर माणूस आत उभा होता व्हय? आणि मला त्याचा पत्ता न्हाय? परत आणू नकोस, बाई. उद्या तिसरं कुणीतरी येऊन लिहील, त्याची सवय तिसरीच असंल."

मग धोंडप्पा खुर्चीत बसत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू का मावशी, मला आता आत जायला भ्याव वाटतंय. कालच्याला दारापातूर गेलो आन् माघारी आलो."

दैवशाला खाली मान घालून म्हणाली, "मला वाचायला भ्याव वाटतंय, मामा."

असून अडचण, नसून खोळंबा असं म्हणतात. मित्रांनो, ती म्हण माझ्यासाठीच केली असावी. माझ्या बहिणी नव्हत्या म्हणून दैवशाला थांबली नाही. मी होते म्हणून नको तिथं थांबली. आजवर मी फक्त पुसलं जाण्याला भीत आले. आता मला त्याहून मोठी भीती ठाऊक झाली आहे. मला कोणीतरी वाचेल, माझा अर्थ लावेल, आणि तो अर्थ कोणीच लिहिलेला नसेल, ही ती भीती.

मग दोघींनी मिळून पान नव्यानं लिहायला घेतलं. रीत आधी ठरवली आणि पहिल्याच पानावर लिहिली: वाक्यानंतर एकच जागा, आणि जागेला काहीही अर्थ नाही. प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर घेतलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं, 'थांबा. ठोका ऐकल्यावरच पुढे वाचा.' संकटाची जुनी ओळ तशीच ठेवून तिच्या वर लिहिलं, 'इथे थांबू नका. ठोक्याची वाट पाहू नका. माणूस बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा ओरडून सांगा.' धोंडप्पांनी ते दैवशालाकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "ह्ये लावा दाराला. मग जाईन म्या."

आता या पानावर जुन्या रीतीचं असं एकच काही उरलं आहे, आणि ते मी आहे. दैवशाला नवी प्रत काढायला उभी आहे. आज पुन्हा तेल काढायचं आहे.

मित्रांनो, तुम्हीही शाळेत चौघं मिळून एखादा प्रकल्प लिहाल, मोठेपणी एखादं यंत्र कसं चालवायचं ते लिहाल. लिहिण्याआधी एकत्र बसून रीत ठरवा. जागा एक सोडा की दोन सोडा, मला त्याचं आता काही वाटत नाही. पण तुमचं लिहिणं कोणीतरी दाराशी उभं राहून वाचणार आहे आणि कोणीतरी आत उभं राहून ऐकणार आहे, एवढं ध्यानात ठेवा. जे सांगायचं ते शब्दांनी सांगा. मोकळ्या जागेच्या भरवशावर कोणाला आत पाठवू नका.

मथुराबाईंनी मला शोधून काढलं आहे. त्यांचं बोट कळीवर येऊन थांबलं आहे. चाळीस वर्षांची सवय आहे, बोट जड होणारच. बाई, मला भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू? पण धोंडप्पांनी मास्क हातात घेतला आहे. तुम्ही वेळ घालवू नका. पुसा मला.